दुसऱ्या वर्षाचा निकाल

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१५ सप्टेंबर २०२४

ती. स्व. शुभामावशीस,
कादंबरीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडायचं आणि तू कानातलं मशीन चाचपत भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, यापेक्षा पत्रं लिहू या, ही तुझी सूचना मला एकदम पसंत. मागच्या वेळी मी ईशानला ताप आलाय म्हणून सांगत होते आणि तू मला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातला आमसुलांचा भाव सांगत होतीस. तेव्हा आजपासून टपाल. अक्षराला हसू नकोस. मराठीत शेवटचं कधी लिहिलं होतं तेही आठवत नाही.

गणपती छान झाले. मंडळाच्या आरतीला यंदा दोनशे माणसं होती. प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे मंडळातली हिमानी उभी होती. तिची मुलगी शिकागोच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत लागली, त्याचं सगळं साग्रसंगीत ऐकवून झाल्यावर तिने विचारलं, तुझं काय चाललंय? मी म्हटलं, कम्युनिटी कॉलेजला जाते, दोन वर्षं झाली, दर सेमिस्टरला दोन-तीन विषय. ती म्हणाली, वा, वेळ छान जात असेल. वाईट हेतू नव्हता तिचा. पण मावशी, मोदक मी तसाच डब्यात घालून घरी आणला.

आता खरी बातमी. माझे मार्क बघून कॉलेजने मला ऑनर्स प्रोग्रॅमला बोलावलं आहे. आमच्या कॉलेजात कोणालाही प्रवेश मिळतो, तिथे कोणी कोणाला अडवत नाही. पण ज्यांना आणखी खोलात शिरायची हौस आहे त्यांच्यासाठी हा वेगळा गट. पंधरा जणांचा वर्ग, आठवड्यातून एकदा गोल बसून चर्चा, आणि नेहमीच्या एका विषयात प्राध्यापकांशी लेखी करार करून वर्षभराचा स्वतःचा प्रकल्प. तो पुरा झाला की पदवीवर ऑनर्स असं लिहून येतं आणि पुढे तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जाणं सोपं होतं. फॉर्मसोबत एक निबंध द्यायचा आहे: तुम्हाला शिकावंसं का वाटतं. तीन दिवस झाले, एक ओळ लिहिते आणि खोडते.

हेमचंद्र म्हणतो, भरून टाक. ईशानला कळत नाही की आई आपणहून जास्तीचा होमवर्क का मागून घेते. तेराव्या वर्षी तो प्रश्न रास्तच आहे. माझं अजून ठरत नाही. केमिस्ट्री घ्यावी लागेल. माझं वय एकोणचाळीस, वर्गातली मुलं एकोणीसची. तू काय म्हणतेस?

तुझा लोभ असाच राहू दे, थोडा वाढला तरी तक्रार नाही.

तुझी,
कादंबरी

•

आयसेलिन, न्यू जर्सी
२४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. कादंबरीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर थेट नीलाचं आहे. पाकीट हातात घेतलं आणि मी दोन मिनिटं खुर्चीत बसून राहिले. बहीण जाऊन सहा वर्षं झाली आणि तिच्या अक्षरात पत्ता लिहिलेलं पाकीट माझ्या पेटीत पडतं! बरं, ते असो.

आमसुलांवरून मला चिडवलंस, पण भाव खरोखरच वाढलाय.

हिमानीचं मनावर घेऊ नकोस. मी अठ्ठ्याहत्तर साली न्यूअर्कला आले तेव्हा नागपूरची पक्की डॉक्टर होते, तरी इथे पुन्हा शिकाऊ म्हणून उभं राहावं लागलं. पहिल्याच आठवड्यात एका सर्जनने मला मदतनीस समजून ट्रे उचलायला सांगितला. मी मुकाट्याने ट्रे उचलला, जागेवर ठेवला, हात धुतले आणि त्याच्याच पेशंटला भूल दिली. त्यानंतर त्याने मला ट्रे उचलायला कधी सांगितलं नाही. वयाचं म्हणशील, तर वर्गातली मुलं एकोणीसची आहेत हे त्यांचं दुर्दैव. त्यांना अजून शिकावंसं का वाटतं ते माहीत नसेल. तुला माहीत आहे. तेच लिही.

एक मात्र कळत नाही. नागपूरला तुझी बी. एस्सी.ची दोन वर्षं झाली होती. ती मार्कलिस्ट दाखवली असतीस तर निम्मे विषय माफ झाले असते. पुन्हा पहिल्यापासून का सुरुवात केलीस?

फॉर्म भरलास की कळव. भरला नसशील तर मला पत्र पाठवू नकोस.

ईशानला गोड पापा, हेमचंद्रला आशीर्वाद, आणि तुझ्यावर लक्ष आहेच.

शुभामावशी

•

ईडन प्रेरी
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. शुभामावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाठवलंय, यातच काय ते समजून घे. निबंध शेवटी एका बैठकीत लिहून झाला, आणि मी ऑनर्सची विद्यार्थिनी झाले. आम्हाला लायब्ररीशेजारी एक खोली दिली आहे. एक सोफा, एक कॉफीचं मशीन आणि भिंतभर फळा. तिथे बसले की मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटतं. चाळिशीत!

माझी लॅबमधली जोडीदारीण होदान. सोमाली मुलगी, वीस वर्षांची, पाच भावंडांत थोरली, फार्मसीत अर्धवेळ काम करते. पहिल्या दिवशी तिने मला प्राध्यापक समजून पेन्सिलने लिहिलं तर चालेल का म्हणून विचारलं. आता आम्ही एकाच डब्यातलं खातो. तिला माझा साबुदाण्याचा उपमा आवडतो. खिचडी शब्द तिच्या तोंडात बसत नाही म्हणून ती उपमा म्हणते.

प्रकल्प केमिस्ट्रीतच घेतला. प्रोफेसर लिंडक्विस्ट म्हणून साठीच्या बाई आहेत, त्या बोलतात कमी आणि ऐकतात जास्त. त्यांनी विचारलं, तुला रोज काय दिसतं? मी म्हटलं, घरामागचं तळं. इथे हिवाळाभर रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ गटारातून तळ्यात येतं आणि मग तिथून जात नाही. बर्फ जातो, मीठ राहतं. आमच्या तळ्यात ते किती साठतंय, हे मी आता दर रविवारी मोजते. बाटलीत पाणी भरायचं, लॅबमध्ये नेऊन ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं. रंग दाखवणारा क्षार घातल्याने पाणी पिवळं असतं, आणि एका थेंबाला विटकरी होतं. तो थेंब ओळखायचा, तोवर किती औषध लागलं त्यावरून मीठ कळतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी लॅबमध्ये टाळी वाजवली. लिंडक्विस्टबाई हसल्या नाहीत, म्हणाल्या, पुन्हा दोनदा कर.

मार्कलिस्टचं विचारलंस, त्याचं पुन्हा कधीतरी. जुने कागद मागवायचे म्हणजे फार खटाटोप.

हेमचंद्रच्या ऑफिसात काहीतरी कुजबुज चालू आहे, तो नीट सांगत नाही. बाकी सगळं ठीक.

थंडीत स्वेटर घालत जा, डॉक्टरांनी स्वतःचंही ऐकावं. मायेत कमी करू नकोस.

तुझी,
कादंबरी

•

ईडन प्रेरी
१४ डिसेंबर २०२४

ती. स्व. शुभामावशींस,
हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, ईमेलसारखं झालं तर सांभाळून घ्या. हे पत्र कादंबरीला न सांगता लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

आमच्या कंपनीने इथली टीम बंद केली. मला पार पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात जागा दिली आहे, तेरा जानेवारीला हजर व्हायचं. नाही म्हटलं तर व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डाची आमची रांग अजून हललेली नाही. म्हणजे माझ्यापुढे पर्याय नाही.

हे मी कादंबरीला सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. ठीक आहे म्हणाली आणि चिरत राहिली. दुसऱ्या दिवशी सामान भरायची खोकी आणली. मला वाटलं, बाई किती समजूतदार आहे. काल तिची मैत्रीण होदान दारात उभी. कादंबरीने आपली लॅबची वही तिला देऊन टाकली होती, पुढचं तू कर म्हणून, आणि ती मुलगी वही परत करायला आली होती. कादंबरी घरी नव्हती. होदानने मला विचारलं, हिने पुढच्या सेमिस्टरचं नाव का काढून घेतलं? तोपर्यंत मला माहीतच नव्हतं.

मावशी, तिने मला विचारलंसुद्धा नाही. मी आडवा आलो असतो असं तिला का वाटलं, याचा मी कालपासून विचार करतोय. सतरा वर्षांत मी तिला कधी नको म्हटलं नाही. पण मग लक्षात आलं, तिने कधी काही मागितलंही नाही.

मी एकटा पुढे जाऊ शकतो, पण लॅब संध्याकाळी सातपर्यंत असते, ईशान शाळेतून तीनला येतो, आणि बर्फात गाडी चालवून ती येईपर्यंत माझा जीव तिकडे थाऱ्यावर राहणार नाही. विषय काढला की ती म्हणते, सोड ना, आता काय त्याचं. तुमचं ती ऐकते. काय करू, ते सांगा.

आपला,
हेमचंद्र

•

आयसेलिन
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. कादंबरीस,
अ. उ. आ.

हेमचंद्रने मला लिहिलं. त्याच्यावर रागावू नकोस. चांगलं पत्र होतं, एकदाही 'अपडेट' शब्द नव्हता.

तू नाव काढून घेतलंस हे वाचलं आणि मला सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणं भाग पडलं. ती तुला ठाऊक असेल, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेली नाहीस. तुझं लग्न ठरायच्या वेळी मी तुझ्या बाबांना पत्र लिहिलं होतं. मुलगा चांगला आहे, असं स्थळ पुन्हा यायचं नाही, शिक्षणाचं काय घेऊन बसलात, इथे आली की हवं तेवढं शिकेल. असं मी लिहिलं. तुझे आईबाबा शेवटचं वर्ष होऊ द्या म्हणत होते. माझ्या पत्राने ते गप्प झाले, कारण मी डॉक्टर आणि मी अमेरिकेत.

मावशी म्हणून भाचीचं भलं बघितलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं असं आहे की मी इथे फार एकटी होते. तुझे चंद्रशेखरकाका दिवसभर हॉस्पिटलात, शेजार परका. माझ्या बहिणीची मुलगी या देशात असावी, एवढंच मला हवं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलींचं काय होतं ते मी रोज बघत होते, तरी लिहिलं.

तू इथे आलीस आणि शिकली नाहीस. दोन वर्षांनी नीला मला म्हणाली, माझ्या मुलीचं शिक्षण तू मोडलंस. ते तिचं माझ्याशी शेवटचं मोकळं बोलणं. पुढे आम्ही एकमेकींशी फक्त हवापाण्यावर बोललो. तुझे बाबा तर माझं नावही काढत नाहीत.

आता माझं म्हणणं ऐक. खोकी अडगळीत ठेव. नाव पुन्हा घाल. हेमचंद्रला जाऊ दे. तू आणि ईशान मेपर्यंत तिथेच राहा. मी येते. त्र्याहत्तराव्या वर्षी मला गाडी चालवता येत नाही बर्फात, पण तीन वाजता दार उघडता येतं आणि गरम पोळी करता येते. एकदा माझ्या शब्दाने तुझं शिक्षण थांबलं. दुसऱ्यांदा मी हातावर हात ठेवून बसणार नाही.

होय म्हण. एवढंच हवंय.

शुभामावशी

•

ईडन प्रेरी
२६ डिसेंबर २०२४

ती. स्व. शुभामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. होय म्हणायच्या आधी मला तुला काहीतरी सांगायचं आहे. ते वाचून तुला यावंसं वाटलं नाही, तर मी समजेन.

तुझ्या पत्राने माझं शिक्षण थांबलं नाही. मी दुसऱ्या वर्षाला नापास झाले होते. केमिस्ट्रीच्या पेपरात मला बावीस मार्क होते. निकाल आणायला एकटी गेले होते. कॉलेजच्या बोर्डासमोर उभी राहिले, नंबर शोधला, पुन्हा शोधला, आणि घरी जाऊन सेकंड क्लास मिळाला म्हणून सांगितलं. मार्कलिस्ट ऑफिसात अडकली आहे म्हटलं. आपल्या घरात कोणी कधी नापास झालं नव्हतं, मावशी. बाबा शाळेत गणित शिकवायचे, आई बोर्डात आली होती, आणि तू तर तू. पुन्हा पेपर देता आला असता, कितीतरी मुली देतात. पण त्यासाठी आधी कोणाला तरी सांगावं लागलं असतं.

आणि पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. मला सुटल्यासारखं झालं. आईबाबा शिक्षणाचं म्हणायला लागले की मीच म्हणायचे, मावशी म्हणते तसं करू या, तिला जास्त कळतं. तुझ्या नावामागे लपले मी.

इथे आल्यावर शिकायला बंदी नव्हती. नोकरीला होती, शिक्षणाला नव्हती. पण कुठेही गेलं तरी जुनी मार्कलिस्ट मागणार, आणि ती हेमचंद्रच्या हातात पडणार. म्हणून पंधरा वर्षं मी गेलेच नाही. कम्युनिटी कॉलेजने काही मागितलं नाही. बारावीचं सर्टिफिकेट पुरलं. म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. तू विचारलंस तेव्हा मी उत्तर टाळलं, ते यामुळे.

आता सगळ्यात वाईट. आई तुला दोष द्यायची तेव्हा मी फोनवर ऐकत असायचे, आणि गप्प बसायचे. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही, आणि आई गेली.

हेमचंद्रला काल सांगितलं. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, बावीस म्हणजे अगदीच वाईट नाही, आणि मग आम्ही दोघंही रडलो.

तुझी माया मागायला आज तोंड नाही.

कादंबरी

•

आयसेलिन
३ जानेवारी २०२५

चि. सौ. कादंबरीस,
अ. आ.

तुझं पत्र आल्यावर मी ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं आणि तीन दिवस येता-जाता त्याच्यावर रागावले.

मी रागावले आहे, हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते. चौदा साली मी नागपूरला गेले होते. नीलाने मला सोनेरी कडेच्या कपात चहा दिला. पाहुण्यांचे कप. आपल्या सख्ख्या बहिणीला. मी तो चहा प्यायले आणि हॉटेलवर परत गेले. ते तुला परत करता येणार नाही, आणि मी ते मागणारही नाही, पण झालं गेलं म्हणून मोकळी व्हायला मला जमत नाही. इतक्यात तरी नाही.

चौथ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. विसाव्या-एकविसाव्या वर्षाची एक पोर बोर्डासमोर उभी आहे आणि तिला सांगायला माणूस नाही. घरात नीला होती, तुझे बाबा होते, पत्रातून मी होते. तिघंही हुशार म्हणून गावात नाव असलेली माणसं. आणि नापास झालं तर काय करायचं हे आमच्यापैकी कोणी त्या घरात कधी बोललंच नव्हतं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये किती चुका केल्या ते तुम्हा मुलींना कधी सांगितलं का? नाही. ट्रेची गोष्ट तेवढी सांगितली.

तेव्हा दोष वाटून घेऊ. तुझा जास्त, माझा थोडा कमी. यात घासाघीस करायची नाही.

दहा तारखेच्या दुपारच्या विमानाने येते. बेसन, तीळ आणि आमसुलं आणते आहे. नाव पुन्हा घातलंस का, ते पत्राने नको, विमानतळावर सांग. बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. त्यात मी पडणार नाही.

शुभामावशी

•

ईडन प्रेरी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. हेमचंद्र यास,
अ. उ. आ.

तुमच्या बेलव्ह्यूला म्हणे पाऊस आहे. इथे उणे पंचवीस. मी नाकसुद्धा बाहेर काढत नाही, पण रविवारी सकाळी मला खिडकीत उभं राहावंच लागतं, कारण तुझी बायको तळ्यावर चालत जाते. तळं गोठून दगड झालंय. शेजारच्या गृहस्थांनी मासे धरायला बर्फात भोकं पाडायचं एक मोठं गिरमिट दिलंय. ईशान ते फिरवतो, ही बाटली बुडवते, होदान लांबूनच सूचना करते. मग तिघं आत येतात, चहा पितात, आणि मी वहीत मागच्या आठवड्याच्या बाटलीचे लॅबमधले आकडे उतरवते. मला ऐकू येत नाही म्हणून ते मला आकडा बोटांनी दाखवतात. दोनशे दहा दाखवायला वेळ लागतो. मासे-बेडकांना लिटरमागे दोनशे तीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणे. अजून बर्फ वितळायचाय.

आता मुद्द्याचं. मंगळवारी केमिस्ट्रीच्या मधल्या परीक्षेचा निकाल आला. अठ्ठावन्न. ऑनर्सला इतके कमी चालत नाहीत. मी पोळ्या लाटत होते. ती आली, कोट काढला नाही, बूट काढले नाहीत, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून माझ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, मावशी, मला अठ्ठावन्न मिळाले. ईशान गृहपाठ करत होता, त्याने मान वर केली. मी म्हटलं, बरं, हात धू, पोळी गरम आहे. दुसरं काही सुचलं नाही. जेवताना तिने स्वतःच पेपर काढला आणि कुठे चुकलं ते ईशानला समजावून सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी लिंडक्विस्टबाईंकडे गेली. आता दर गुरुवारी त्या तिला अर्धा तास जास्त देतात, आणि होदानलाही.

मी तिच्यावर अजून रागावलेली आहे का, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. आहे. सकाळी थोडी असते. दुपारी ती दमून सोफ्यावर झोपते तेव्हा तिच्या अंगावर पांघरूण घालताना नसते. हे असंच चालेल बहुतेक.

मार्चच्या अखेरीस मला मोतीबिंदूसाठी परतावं लागेल. तोवर ईशानला पाटवडी शिकवून ठेवते. तू वेळेवर जेवत जा, बाहेरचं खाऊ नकोस. आशीर्वाद आहेतच, ते टपालाशिवायही पोचतात.

शुभामावशी

•

ईडन प्रेरी
१८ मे २०२५

ती. स्व. शुभामावशीस,
कादंबरीचा सा. न. वि. वि.

डोळ्याचं उत्तम झालं, आता चष्म्याशिवाय वाचता येतं, हे वाचून बरं वाटलं. तेव्हा लांबलचक लिहायला हरकत नाही.

ऑनर्सच्या मुलांचं प्रदर्शन पंचवीस एप्रिलला झालं. जिममध्ये ओळीने फलक लावले होते, प्रत्येकाने आपापल्या फलकाशी उभं राहायचं आणि लोक येऊन प्रश्न विचारणार. कुणाचा विषय म्हाताऱ्यांचं एकटेपण, कुणाचा जुन्या पुलांचा. माझ्यामागे तळ्याचा आलेख. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत हळूहळू चढणारी रेघ, आणि मार्चमध्ये बर्फ वितळला त्या आठवड्यात एकदम कड्यासारखी उभी. सहाशे चाळीस. तो आकडा तू वहीत लिहिलास तेव्हा तीन वेळा मला पुन्हा दाखव म्हणाली होतीस.

हेमचंद्र बेलव्ह्यूहून आला होता. दारात त्याला छातीवर लावायला चिठ्ठी दिली, तिच्यावर छापलं होतं: पाहुणे, कादंबरी रिसबूड यांचे. मावशी, आमच्या व्हिसाच्या कागदांवर इतकी वर्षं माझ्या नावापुढे डिपेंडंट लिहिलेलं असतं, हेमचंद्रवर अवलंबून. तो ती चिठ्ठी बघत राहिला. घरी आल्यावरही त्याने ती काढली नाही. जेवण झालं, भांडी घासली, तरी शर्टावर तशीच.

एक उंच गृहस्थ बराच वेळ माझ्या फलकासमोर उभे होते. मग म्हणाले, मी शहराची मिठाची गाडी चालवतो, एकवीस वर्षं. मी घाबरले. त्यांना वाटेल, मी त्यांनाच दोष देतेय. पण त्यांनी विचारलं, कमी टाकलं तर किती कमी टाकायचं, ते कोणी आम्हाला सांगतच नाही, तुम्ही सांगाल का? मी सांगितलं. उणे दहाच्या खाली मिठाचा उपयोगच होत नाही, त्या दिवशी टाकूच नका, इथपासून सुरुवात केली. ते खिशातून कागद काढून लिहून घेत होते. ऑक्टोबरमध्ये गाड्या निघायच्या आधी येऊन बाकीच्या ड्रायव्हरना सांगाल का म्हणाले. तोवर मी इथे नसणार, तर होदान जाईल. पुढच्या हिवाळ्याचं मोजमाप तिने आपणहून अंगावर घेतलंय.

आम्ही सात जूनला निघतो. बेलव्ह्यूजवळच्या विद्यापीठाने मला तिसऱ्या वर्षाला घेतलंय, सगळे विषय धरून. त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: याआधी कुठे शिकलात का. मी नागपूरचं कॉलेज लिहिलं, वर्ष लिहिलं, निकालाच्या जागी अनुत्तीर्ण लिहिलं. पाठवल्यावर मी ईशानला शाळेतून आणायला गेले आणि वाटेत गाणं म्हणत होते.

परवा केमिस्ट्रीचा शेवटचा निकाल लागला, आणि मी ठरवलं की आता बाबांना सांगायचं. रविवारचा नेहमीचा फोन. सध्या तिकडे पंचेचाळीस तापमान, बाबा कूलरसमोर बसलेले, दादा बाजूला पेपर वाचतोय. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बावीस मार्क, बोर्ड, खोटं बोलले ते, आणि शुभामावशीचा त्यात काही दोष नव्हता ते. आईला मी हे सांगायला हवं होतं, तेही म्हटलं.

पलीकडे कूलरचा आवाज. दादाने पेपर खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

मग बाबांनी खाकरून विचारलं, आणि आता किती मिळाले?

मी म्हटलं, त्र्याण्णव.

ते आपल्या त्या शाळेतल्या आवाजात म्हणाले, मग फोनवर काय बसलीस, शुभाला कळव आधी.

म्हणून कळवते आहे.

उन्हाळ्यात बेलव्ह्यूला ये, माझ्यावर रागावलेली असलीस तरी ये. आणि बाबांचा फोन नंबर तोच आहे, बदललेला नाही.

तुझी,
कादंबरी